मोदकाचा दर आणि मागणीची सरळ रेषा

उकडीच्या मोदकाचा दर बहुतेक स्वयंपाकघरांत दोन गोष्टींवर ठरतो: शेजारचे किती घेतात आणि नारळ कितीला पडला. दोन्ही माहिती कामाची, पण दर दोन रुपयांनी वाढवला तर किती मोदक कमी जातील, हे त्यातून कळत नाही. ते कळायला दहावीच्या बीजगणितातलं पहिलं प्रकरण पुरतं, ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. तिथं वडील-मुलाच्या वयाची गणितं असतात, इथं दर आणि नग आहेत, एवढाच फरक. एका घरगुती मोदक व्यवसायाच्या वहीवरून ही रेषा कशी काढली, तिच्यावरून दर कसा ठरवला आणि ती कुठं कुठं चकवते, ते पुढं लिहिलं आहे. हिशेब कुणालाही कागदावर पडताळता यावा म्हणून मालाचे भाव गोल करून घेतले आहेत.

या कामाला संकष्टीसारखा दिवस शोधून सापडायचा नाही. माल एकच, दिवस ठरलेला, गिऱ्हाईक बरंचसं तेच आणि महिन्याला एक संधी. मोदक दुसऱ्या दिवशी कडक होतो, त्यामुळे आज जास्त घेऊन ठेवू, उद्या कमी घेऊ, असला घोळ मागणीत शिरत नाही. गणेश चतुर्थी मात्र या हिशेबातून बाहेर ठेवायची, त्या दिवशीचं गिऱ्हाईकच वेगळं असतं. माघी गणेश जयंतीही बाहेर. ती शुक्ल चतुर्थीला येते, संकष्टीशी तिचा संबंध नाही. श्रावणातली संकष्टीही सुरुवातीला नकोच.

कार्तिक ते वैशाख या सात संकष्ट्यांपैकी एक अंगारकी होती. ती बाजूला ठेवून उरलेल्या सहा वापरल्या. दर २४ ते ३४ रुपयांच्या दरम्यान, दोन-दोन रुपयांच्या पायरीनं. यात एक पथ्य पाळावं लागतं: दर महिन्यागणिक चढत नेऊ नये. कार्तिकात २४, मार्गशीर्षात २६, पौषात २८ असं केलं, तर पुढं मागणी घटली ती दरामुळे की परीक्षेच्या दिवसांमुळे की उन्हाळ्यात माणसं गावी गेल्यामुळे, हे कधीच वेगळं करता येत नाही. म्हणून क्रम विस्कटून ठेवला: ३०, २६, ३४, २४, ३२, २८. गिऱ्हाईक याला कुरकुरत नाही. नारळाबरोबर मोदकाचा दर वर-खाली होतो हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. या पट्ट्यातला फरक खपतो; एकदम त्याच्या फार बाहेर उडी घेतली की मात्र लोक ‘मागच्या वेळी तर…’ म्हणायला लागतात, आणि मग मोजली जाते ती चिडचिड, मागणी नव्हे.

वहीत विक्री लिहायची नाही, मागणी लिहायची

सगळ्यांत जास्त गडबड इथं होते. संध्याकाळी गल्ल्यावरून किती मोदक गेले हे कळतं. ती विक्री. मागणी म्हणजे त्या दराला लोकांना किती हवे होते. माल शिल्लक राहिला तर दोन्ही आकडे एकच असतात. माल संपला की वेगळे होतात. संकष्टीला हा फरक लहान नसतो, कारण उपास चंद्रोदयाला सुटतो. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक कामावरून परतताना, संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान येतं. माल साडेचारला संपला, तर त्यानंतरची सगळी मागणी वहीत शून्य दिसते.

२४ रुपयांच्या संकष्टीला तयारी ७६० मोदकांची होती आणि गिऱ्हाईक संपायच्या आतच डबे रिकामे झाले. त्यानंतर जो कुणी आला किंवा ज्यानं फोन केला, त्याला ‘किती हवे होते?’ एवढंच विचारून वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या: एकवीसचे दोन, अकराचे सहा, म्हणजे १०८. म्हणून त्या दिवशीची मागणी ८६८ धरली. ‘असले तर द्या, नाहीतर राहू दे’ म्हणणारे मोजू नयेत, आणि तोच माणूस दोनदा फोन करतो तेव्हा रेघ एकच मारावी. आकडा काटेकोर नसला तरी ७६० पेक्षा खरा आहे. ७६० धरलं असतं तर काय झालं असतं, ते पुढं येईलच.

आणखी तीन गोष्टी वेगळ्या रकान्यात टाकायच्या. ऑफिसची किंवा सोसायटीची एकदम शंभराची ऑर्डर मागणीत मिसळू नये. ती दर बघून येत नाही, कुणाच्या तरी निवृत्तीमुळे येते. आगाऊ नोंदणी ज्या दरानं झाली तोच दर त्या नगांपुढं लिहायचा, फळ्यावरचा नाही. आणि मुसळधार पाऊस, रस्ता बंद, शेजारच्या दुकानात माव्याच्या मोदकांवर सूट, असं काही असेल तर समासात दोन शब्द टाकून ठेवायचे. सहा महिन्यांनी ते आठवत नाही.

या चाळणीनंतर हाती आलेले आकडे:

दर २४ रुपये, मागणी ८६८
दर २६ रुपये, मागणी ८३८
दर २८ रुपये, मागणी ७५८
दर ३० रुपये, मागणी ७०६
दर ३२ रुपये, मागणी ६२२
दर ३४ रुपये, मागणी ५८८

रेषा

दर ‘क’ आणि मागणी ‘म’ धरली, तर हवं आहे ते म = अ − ब × क असं समीकरण. ‘ब’ म्हणजे दर एक रुपयानं वाढला की किती मोदक कमी जातात तो आकडा. सगळं काम त्या एका आकड्यासाठी आहे.

शाळेतली पद्धत म्हणजे दोन बिंदू घ्यायचे आणि उतार काढायचा. ती इथं वापरून पाहावी, म्हणजे ती का पुरत नाही ते दिसतं. २४ आणि ३४ ची टोकं घेतली तर १० रुपयांत २८० मोदक घटले, उतार २८. २६ आणि ३२ घेतले तर ६ रुपयांत २१६, उतार ३६. मधले २८ आणि ३० घेतले तर २ रुपयांत ५२, उतार २६. वही तीच आणि ‘ब’ २६ ते ३६. जवळजवळचे दोन बिंदू घेऊन काढलेला उतार सगळ्यांत अविश्वासू, कारण त्या दोन दिवसांतला योगायोग दोनच रुपयांवर वाटला जातो.

म्हणून सगळे बिंदू एकदम वापरायचे. बिंदूंपासूनच्या चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान ठेवणारी रेषा काढायची, ही लघुतम वर्गांची रीत लजान्द्र या फ्रेंच गणितज्ञानं १८०५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि सहा आकड्यांसाठी ती हातानं दहा मिनिटांत होते. दरांची सरासरी २९. प्रत्येक दराचं सरासरीपासूनचं अंतर: −५, −३, −१, १, ३, ५. यांच्या वर्गांची बेरीज ७०. आता प्रत्येक अंतराला त्या दिवशीच्या मागणीनं गुणायचं आणि बेरीज करायची: −४३४०, −२५१४, −७५८, ७०६, १८६६, २९४०. बेरीज −२१००. भागिले ७०, उतार −३०. मागणीची सरासरी ७३०, आणि रेषा सरासरीच्या बिंदूतून जातेच, म्हणून अ = ७३० + ३० × २९ = १६००.

म = १६०० − ३० × क

ताळा लगेच करायचा. वहीतल्या आकड्यातून रेषा सांगते तो आकडा वजा केला तर उरणारा फरक: २४ ला −१२, २६ ला १८, २८ ला −२, ३० ला ६, ३२ ला −१८, ३४ ला ८. बेरीज शून्य यायला हवी, ती येते. पण बेरजेपेक्षा चिन्हांचा क्रम जास्त बोलका असतो. उणे-अधिक असे मिसळलेले असतील तर सरळ रेषा चालते. दोन्ही टोकांना अधिक आणि मध्ये सगळे उणे आले, तर मागणी वक्र आहे आणि सरळ रेषा जबरदस्तीनं बसवलेली आहे.

स्प्रेडशीटमध्ये हे ‘स्लोप’ आणि ‘इंटरसेप्ट’ या दोन सूत्रांनी होतं. दोन्हींत आधी मागणीचा रकाना द्यायचा आणि नंतर दराचा. उलट दिलं तर स्लोप −०.०३३ असा येतो. त्याला उलटवून ३० मिळेल असं वाटतं, पण ३०.४ मिळतो, कारण उलट दिल्यावर संगणक दरातली चूक कमी करत बसतो, मागणीतली नाही. ही उलटापालट होते त्याला कारण आहे. बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीच्या आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. मागणी ही किंमतीवर अवलंबून असलेली राशी म्हणून कूर्नो या फ्रेंच गणितज्ञानं १८३८ मध्ये मांडली तेव्हा किंमत आडवी होती. मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० च्या ग्रंथात ती उभी घेतली आणि तीच प्रथा राहिली. गणिताच्या सवयीनं बघणाऱ्याला ही आकृती कायम आडवी पडल्यासारखी दिसते. आलेख काढताना दर आडव्या अक्षावर घ्यावा, निदान दर आपणच ठरवत असू तेव्हा तरी.

१६०० चा अर्थ ‘फुकट वाटले तर १६०० जातील’ असा कुणी काढू नये. आणि म शून्य धरून क = ५३.३३ येतं म्हणून ५४ रुपयांना एकही मोदक विकला जाणार नाही, असंही नाही. रेषा २४ ते ३४ या पट्ट्यातून आली आहे. त्या पट्ट्यात आणि फार तर एक-दोन रुपये पलीकडं तिच्यावर विश्वास ठेवायचा. १६०० हा फक्त रेषा योग्य उंचीवर बसवणारा आकडा आहे.

गल्ला आणि नफा

आता खर्च. शंभर मोदकांचा हिशेब असा: ९ नारळ ४० प्रमाणे ३६०, गूळ सव्वा किलोला थोडा कमी म्हणजे १.२ किलो ८४, तांदळाची पिठी दीड किलो १६५, तूप २०० ग्रॅम १४०, वेलची-जायफळ-केशर ५०, गॅस ४५, डबे आणि केळीची पानं ९६, वळणाऱ्या बायकांची नगावर मजुरी ६ रुपयांप्रमाणे ६००. झाले १५४०. शंभरात चारेक मोदक वाफवताना फुटतात. पारी पातळ झाली, सारणात ओल राहिली किंवा चाळणीत दाटीनं ठेवले की कळीखाली चीर जाते. त्याचे ६० धरले. एकूण १६००, म्हणजे नगाला १६ रुपये. जागेचं भाडं आणि महिन्याच्या पगाराचा वाटा यात घ्यायचा नाही. मोदक ५०० केले काय नि ७०० केले काय, तो तेवढाच राहतो, आणि म्हणूनच कोणता दर बरा हे ठरवताना त्याला मत नसतं. संकष्टीच्या वाट्याला असा ३००० खर्च येत असेल, तर तो दर ठरल्यावर तपासायचा: ३५ रुपयांना नगामागं १९ सुटतात, तेव्हा १५८ मोदकांत तो निघतो.

गल्ला म्हणजे क × (१६०० − ३०क). तो सर्वांत मोठा होतो दर २६.६७ ला, ८०० मोदक, २१,३३३ रुपये. नफा म्हणजे (क − १६) × (१६०० − ३०क). तो सर्वांत मोठा कुठं? नफा शून्य होणारे दोन दर घ्यायचे, १६ आणि ५३.३३, त्यांच्या बरोबर मध्ये, ३४.६७ ला. कलनशास्त्र लागत नाही, नफ्याच्या कमानीचं, म्हणजे पॅराबोलाचं, टोक त्याच्या दोन मुळांच्या मधोमध असतं एवढं आठवलं की झालं.

दोन्ही दर आठ रुपयांनी लांब आहेत, आणि घरगुती व्यवसायातली सगळ्यांत महागडी गफलत इथं होते. २६ रुपयांना दारात रांग लागते, गल्ला २१,३२० चा होतो, सगळे दमतात आणि हाती राहतात ८,२००. ३४ ला रांग लहान, गल्ला १९,७२०, हाती १०,४४०. वळायचे मोदक २४० नं कमी. रांगेकडं बघून दर ठरवणाऱ्याला २६ च योग्य वाटणार.

नेमका दर ३४.६७ ठेवायची गरज नाही, ठेवताही येत नाही. आसपासचे नफे बघा: ३२ ला १०,२४०, ३४ ला १०,४४०, ३५ ला १०,४५०, ३६ ला १०,४००. माथा सपाट आहे. ३२ पासून ३६ पर्यंत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो. मग निवड दुसऱ्या कारणांनी करावी. सुट्ट्या पैशांचा त्रास टाळायचा असेल तर ३५. गिऱ्हाईक टिकवायचं आहे आणि हात रिकामे आहेत, तर ३२. आम्ही ३५ धरला. पट्ट्याच्या किंचित बाहेर आहे, पण एकच रुपया.

हा माथा सपाट असणं दुसऱ्या एका कारणानं फार उपयोगी पडतं. सहा बिंदूंवरून काढलेला ३० हा आकडा स्वतःच डळमळीत आहे. नेहमीच्या संख्याशास्त्रीय रीतीनं त्याची चूक काढली तर तो साधारण २५ ते ३५ मध्ये कुठंही असू शकतो. २५ असता तर उत्तम दर ३७ च्या आसपास, ३५ असता तर ३३ च्या आसपास. पण यातली कोणतीही रेषा खरी निघाली, तरी ३५ रुपये ठेवल्यानं नुकसान दीड टक्क्याच्या आतबाहेर. त्यामुळं रेषा अजून अचूक व्हावी म्हणून वर्षभर थांबण्यात अर्थ नाही. रेषा बिंदूंना किती जुळते ते ० ते १ मध्ये सांगणारा आर-वर्ग ०.९८६ आला म्हणून हुरळूनही जाऊ नये. सहा बिंदूंना तो सहज येतो, आणि बिंदू चुकीचे मोजले असतील तरी येतो.

चुकीच्या बिंदूचं उदाहरण म्हणजे ते ७६०. २४ रुपयांपुढं ८६८ ऐवजी ७६० लिहून तोच हिशेब केला, तर उतार ३० वरून २२.३ वर येतो आणि रेषा होते म = १३५८ − २२.३क. लोक दराला फारसे बधत नाहीत असं दिसायला लागतं, आणि उत्तम दर निघतो ३८.५०. त्या दराला ही रेषा ५०० मोदकांचं आश्वासन देते. आधीच्या रेषेप्रमाणं तिथं ४४५ जातील. ५५ मोदक ताटात उरतील, प्रत्येकी १६ रुपयांचे. स्वस्त दराच्या दिवशीच माल संपतो, त्यामुळे ही चूक नेहमी एकाच बाजूला ओढते: उतार खरा असतो त्याहून कमी दाखवते आणि दर वर ढकलते.

अंगारकी

आता बाजूला ठेवलेली अंगारकी. त्या दिवशी दर ३४ होता आणि मागणी ११८०. रेषा ५८० सांगत होती. हा सातवा बिंदू भाबडेपणानं इतर सहांत मिसळला, तर उतार होतो १.९. म = ८५० − १.९क. म्हणजे दर कितीही वाढवा, मागणी हलतच नाही! आकडेमोडीत कुठंही चूक नाही, स्प्रेडशीट तक्रार करत नाही, आणि उत्तर पूर्ण निरर्थक.

कारण अंगारकीला आपण रेषेवरून सरकत नाही, रेषाच उचलली जाते. एरवी संकष्टी न करणारी घरंही अंगारकी करतात. त्या दिवसाचं समीकरण साधारण म = २२०० − ३०क असं धरावं लागेल, उतार तोच मानून. तो तोच आहे की नाही, हे एका बिंदूवरून सांगता येत नाही; अंगारकी वर्षाला एखाद-दुसरीच येते, तेव्हा त्याला वर्षं लागतील. स्प्रेडशीटमध्ये वेगळा रकाना करून अंगारकीपुढं १ आणि बाकीच्यांपुढं ० लिहिलं, की दोन समांतर रेषा एकदम निघतात.

याहून वाईट गोष्ट अशी की अंगारकीला दर चढा ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मग वहीत चढे दर आणि मोठी मागणी एकत्र येतात, आणि वर्षभराच्या नोंदींवरून काढलेली रेषा चक्क वर चढते. ई. जे. वर्किंग या अर्थशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: बाजारातल्या नुसत्या किंमत-नगांच्या ढिगातून काढलेली रेषा मागणीची आहे की पुरवठ्याची की कशाचीच नाही, हे ढिगाकडं बघून ठरत नाही. लासलगावच्या कांद्याच्या लिलावाच्या नोंदी घेऊन बसलं तर तिथं गोष्ट आणखी उलटी असते. त्या दिवशीची आवक आधी ठरलेली असते, भाव मागाहून निघतो. तिथं आवक आडव्या अक्षावर घेऊन भाव शोधणंच योग्य, आणि मार्शलची आकृती तिथं एकदम सरळ वाटते. मोदकात दर आपण फळ्यावर लिहितो आणि नग लोक ठरवतात. म्हणूनच इथं पुरवठ्याचं दुसरं समीकरण मांडून दोन रेषांचा छेदबिंदू काढायची गरज पडली नाही.

उलटं समीकरण मात्र एका प्रसंगी लागतं. वळणाऱ्यांपैकी एखादी सुट्टीवर असली आणि ५०० च्या वर मोदक होणारच नसले, तर म च्या जागी ५०० घालून दर काढायचा: क = (१६०० − ५००) ÷ ३० = ३६.६७. ३५ ठेवून पन्नास मोदकांच्या गिऱ्हाइकांना ‘संपले’ म्हणण्यापेक्षा ३७ ठेवलेला बरा.

नारळ ४० चा ५० झाला तर? शंभर मोदकांना ९० रुपये जास्त, नगाला ९० पैसे. उत्तम दर हा १६ आणि ५३.३३ च्या मधला, म्हणून तो वाढतो फक्त निम्म्यानं, ४५ पैसे. म्हणजे फळा पुसायची गरजच नाही. नारळ दहानं वाढला की मोदक दोनानं वाढवणारे बरेच असतात. या रेषेप्रमाणं त्यांचा आधीचा दर तरी कमी होता किंवा नंतरचा तरी जास्त आहे.

एकवीसचा डबा

रेषा गुळगुळीत आहे, गिऱ्हाईक नाही. दर दोन रुपयांनी वाढला म्हणून कुणी एकवीसऐवजी वीस मोदक नेत नाही. नैवेद्याचे एकवीस, नाहीतर अकरा, नाहीतर पाच. मागणी घटते ती पायऱ्यांनी, आणि कोणत्या पायरीवरून हे बघायला वहीत डबे वेगळे लिहावे लागतात.

२६ रुपयांच्या दिवशी एकवीसचे २२ डबे गेले, अकराचे २६, पाचाचे १८. ४६२ अधिक २८६ अधिक ९०, झाले ८३८. ३४ च्या दिवशी एकवीसचे १०, अकराचे २८, पाचाचे १४. २१० अधिक ३०८ अधिक ७०, झाले ५८८. एकूण घट २५० ची, आणि एकट्या एकवीसच्या डब्यांची घट २५२. अकराचे तर वाढले. एकवीसवाले काही तिथं उतरले असणार. पाचवाले थोडे गळले. म्हणजे आपण ‘मोदकाची मागणी’ म्हणून जी रेषा काढली, ती जवळपास सगळी एकवीसच्या डब्याची रेषा आहे. ३४ प्रमाणे तो डबा ७१४ रुपयांना पडतो, आणि बहुधा सातशेच्या आकड्यालाच लोक थबकतात.

तेव्हा त्या डब्याची रेषा वेगळी काढायची. ८ रुपयांत १२ डबे कमी, म्हणजे नगाच्या दरात रुपयाला दीड डबा: ड = ६१ − १.५क. ही दोनच दिवसांवरून आहे, म्हणून मघाशी सांगितलेला अविश्वास हिलाही लागू. बाकीच्या चार दिवसांचे डबे वेगळे लिहिलेले असतील तर तेही घालावेत. डबे शून्य होणारा दर ४०.६७, खर्च १६, मध्य २८.३३. म्हणजे एकवीसच्या डब्याला नगामागं २८ च्या आसपास दर बरा, डबा ६०० ला. तेव्हा १८ डबे जातील आणि डब्यामागं ६०० − ३३६ = २६४ प्रमाणे ४,७५२ सुटतील. सरसकट ३५ ठेवला तर डबा ७३५ चा होतो, आठ-नऊ डबे जातात आणि सुटतात ३,४०० च्या आतबाहेर.

अकरा आणि पाचाचा दर ३५ च ठेवायचा. यावर पहिली शंका येते ती अशी की अकराचं गिऱ्हाईक स्वस्ताई बघून एकवीसकडं वळेल. वळू दे. अकराचे ३८५ देणारा एकवीसचे ६०० देतो, तेव्हा २१५ रुपये जास्त देऊन दहा मोदक जास्त नेतो, आणि त्या दहांचा खर्च १६० आहे. खरा धोका वेगळा: दोन शेजारणींनी मिळून एक एकवीसचा डबा घेणं. दोन अकराच्या डब्यांचे ७७० यायचे तिथं ६०० येतात. वाचलेल्या एका मोदकाचे १६ सोडले तर नुकसान १५४ चं.

६०० चा डबा सुरू केल्या दिवसापासून म = १६०० − ३०क वापरणं बंद करायचं. ती रेषा सगळ्या नगांना एकच दर असताना काढलेली होती. त्यानंतरच्या संकष्टीपासून वहीत दोन दर आणि तीन डबे असे रकाने लागतात, आणि अकराच्या डब्यांच्या रकान्याकडं जास्त लक्ष ठेवावं लागतं. ३५ ला ते २८ च्या जवळपास राहायला हवेत. वीसच्या खाली गेले, एकवीसचे अठराच्या फारसे वर गेले नाहीत, तर शेजारणींनी हिशेब केला आहे असं समजून डबा ६४० चा करून बघायचा.